धुऱ्यावरची गाठ

दिवाळी सरली की अकोटात रस्त्याकाठच्या बाभळींना कापूस लागतो. झाडाचा नव्हे, बाजारात जाणाऱ्या गाड्यांवरून उडालेला. काट्याला अडकतो आणि उन्हात हलत राहतो. कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या बाजूनं गेलं की सरकीचा तेलकट वास नाकात बसतो, तो होळीपर्यंत निघत नाही. माझी उमर त्या वासात गेली. जिनात कापूस टाकला, गठाणी लोटल्या, छातीत रुई भरून घेतली. शाळा चौथीपर्यंत. तेव्हा हे लिहिलेलं कोण्या मास्तरानं तपासायला घेऊ नये.

वच्छला, माझी बायको, ह्या दिवसांत दिवसा घरी दिसायची नाही. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, फुटली की ती वेचणीला. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधायची, त्यात कापूस भरत जायची. पोटुशी बाई चालावी तशी संध्याकाळी पातीच्या, म्हणजे झाडांच्या ओळीच्या, टोकाला यायची. केसांत तंतू, बोटांवर बोंडांच्या टोकांचे ओरखडे. मी जिनातून पांढरा होऊन यायचो, ती वावरातून पांढरी होऊन यायची. एकमेकांकडं पाहून हसायचो. "भुतं लागलेत या घराले," असं ती म्हणायची.

औंदा पऱ्हाटी फुटली आणि ती नाही. आखाडाच्या पावसात गेली. छातीत पाणी झालं म्हणाले डॉक्टर. लोक म्हणतात, दिवस जाऊ द्या, हलकं होईल. दिवस जातात, हलकं काही होत नाही. उलट पांढरं वावर दिसलं की मी मान फिरवून घेतो. आणि सोबत एक प्रश्न आहे. मागच्या साली ती सिनेमातून उठून आली होती. तिनं तिथं काय पाहिलं, ते मला कळलं नव्हतं. विचारलं तर एवढंच म्हणाली होती, "तुमी बाहेर होते."

सिनेमा म्हणजे नाचगाण्याचा नव्हे. अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारी एक मॅडम आहे, संघमित्रा. थंडी पडली, सहा डिसेंबर जवळ आला की ती गावोगावच्या विहारांत असे खरेखुरे सिनेमे घेऊन येते. मागच्या साली आमच्या विहारात आली. भिंतीला पांढरी चादर, खाली सतरंजी, बायका एका अंगाला, माणसं एका अंगाला. बोलणं इंग्रजीत, म्हणून मॅडम मधातच सिनेमा थांबवायची आणि आपल्या बोलीत सांगायची. विषय होता अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा. त्यांना जहाजात कोंबून कसं आणलं, कसं विकलं, पिढ्यान् पिढ्या कसं राबवलं, आणि सुटल्यावरही शंभर वर्षं माणसात कसं घेतलं नाही.

मी म्हणालो होतो, अमेरिकेचं मले काय करायचं? वच्छला म्हणाली, चाला तं खरं, फुकटात अमेरिका दिसते.

चादरीवर पहिल्यांदा काय आलं, तर पऱ्हाटी. मी दचकलोच. मला वाटलं मॅडमनं चुकून आपल्याकडचंच काही लावलं. तीच झाडं, तीच पाती, तीच फुटलेली बोंडं, आणि पातीपातीत वाकलेल्या काळ्या बाया. डोक्याला फडकं. खांद्याला लांबच लांब पोतं, मातीवरून घासत येणारं. आपल्या बाया ओटी पोटाशी बांधतात, त्यांचं पोतं मागं ओढलं जायचं. तेवढाच फरक. बोटं तीच. बोंडाच्या तोंडात बोट घालून चारही पाकळ्या एका झटक्यात रिकाम्या करायची जी तऱ्हा आहे, ती मी जन्मभर वच्छलाच्या हातात पाहिली. सातासमुद्रापार, माझा पणजाही जन्माला आला नसेल तेव्हा, तीच तऱ्हा. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "आवं, ह्या तं आपल्याच बाया होत."

मग मॅडमनं जे सांगितलं त्यानं मी आणखी गार झालो. तिकडं ह्या माणसांच्या गुलामीवरून आपसात युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला, तेव्हा विलायतेच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडं तोंड वळवलं. इकडं कापसाला कधी नव्हे तो भाव आला. रूळ टाकले, जिनं उभी राहिली. मी ज्या धंद्यात हाडं झिजवली त्याला भरभराट कुठून आली, तर तिथल्या माणसांच्या गळ्यातल्या साखळीतून. आम्ही लहानपणी अकोल्याला आगगाडी पाहायला जायचो. वाटायचं, माणसांना बसता यावं म्हणून आणली असेल सरकारनं.

पुढं लिलाव आला. फोटोच होते, काही चित्रं. एका लाकडी ओट्यावर एक लेकरू उभं केलेलं आणि त्याची माय खाली वेगळ्या रांगेत. मॅडम सांगत होती की लेकरू एकाला विकलं, माय दुसऱ्याला. बैलबाजारात दात पाहतात तसे एक जण त्या लेकराचे दात पाहत होता. माझ्यानं पाहवेना. मी तंबाखूचं निमित्त करून बाहेर आलो आणि विहाराच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. बाहेर नळावर कोणी पितळी गुंड पाण्यानं भरत होतं. आतून एका म्हातारीचा आवाज येत होता, इंग्रजीतला, खरखरीत, जुन्या तबकडीवरचा. मग मॅडमचा आवाज. शब्द काही लागले नाहीत. मला वाटलं, लिलाव संपला की जाऊ आत.

तेवढ्यात वच्छला दारात. पायात चप्पल घातलेली.

"चाला घरी."

"संपलं काय?"

"चाला."

रस्ताभर ती माझ्या पुढं पुढं चालली. घरी येऊन तिनं पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं आणि पाय बुडवून बसली. मला वाटलं थंडी बाधली. पाणी निवलं तरी पाय काढेना. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आपणच म्हणाली, "त्या बुढीचा आवाज माह्या मायसारका होता." मी विचारलं, कोणती बुढी? काय म्हणे ती? तेव्हा ते वाक्य. तुमी बाहेर होते. त्यानंतर त्या गोष्टीवर तिनं कुलूप घातलं.

माणूस गेल्यावर त्याचं बोलणं डोक्यात फिरतं म्हणतात. माझ्या डोक्यात तिचे पाय फिरतात. तिच्या डाव्या घोट्यावर एक वळ होता, घोट्याला फेर घालून गेलेला, गुळगुळीत, बाकी कातडीपेक्षा उजळ. लग्नानंतर मी विचारलं होतं. म्हणाली, लहानपणी वाळे घातले होते, ते घासले. मी मानलं. माझ्या टाळक्यात हे कधी आलं नाही की तिचा बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार, घरी धड भांडं नाही, तो पोरीला चांदीचे वाळे कुठून घालणार होता? इतकी वर्षं तो वळ डोळ्यासमोर होता आणि मी त्याच्यावर चांदी पाहत राहिलो.

पायात काही घालायची नाही. पैंजण नाही, जोडवी नाही, तोरड्या नाही. आमचा पोरगा झाला तेव्हा माझ्या मायनं नजर लागू नये म्हणून त्याच्या पायाला काळा दोरा बांधला. घर बौद्ध झालं तरी मायच्या बोटांतून जुनं जात नव्हतं. वच्छलानं दोरा तोडून चुलीत टाकला. मायनं आठ दिवस अबोला धरला. मी मात्र छाती फुगवून गावभर सांगितलं, की पाहा, माझी बायको खरी बाबासाहेबांची लेक, दोरागंडा मानत नाही. विहारात परित्राण व्हायचं तेव्हा मनगटाला पांढरं सूत ती मुकाट बांधून घ्यायची. हाताला चालतं आणि पायाला चालत नाही, हा कोणता धम्म, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. पसंत उत्तर हातात असलं की माणूस प्रश्न करत नाही.

ती गेली त्या दिवशी बायांनी तिला आंघोळ घातली आणि रिवाजाप्रमाणे पायाचे दोन्ही अंगठे सुतळीनं एकत्र बांधले. पाय फाकू नयेत म्हणून बांधतात, सगळ्यांचेच बांधतात. बाहेर पाऊस, माणसं ओसरीत कोंबलेली. तेवढ्यात तिची थोरली बहीण, सखूबाई, बार्शीटाकळीहून आली. भिजलेली. रडली नाही, कोणाला भेटली नाही. सरळ पायांशी गेली, वाकली आणि सुतळी दातानं तोडली. शेजारची म्हणाली, बाई, पाय फाकतीन ना. सखूबाई म्हणाली, "राहू द्या मोकळे."

लोक एकमेकांकडं पाहायला लागले. मला पुन्हा तेच वाटलं, बहिणी एका वळणाच्या, रूढी मानत नाहीत. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला माझ्या हातात माईक दिला तर मी तेच बोललो. वच्छलानं जन्मभर पायाला दोरा बांधू दिला नाही, मरतानाही नाही, असं. लोकांनी माना डोलावल्या. सखूबाई खाली पाहत सतरंजीचा धागा उपटत होती.

पावसाळा गेला. पऱ्हाटी फुलावर आली, मग बोंडावर, मग फुटली. कुणब्यांच्या वावरात पहिल्या वेचणीआधी सीतादही होते; बाया झाडाला हळदकुंकू लावतात, दहीभात शिंपडतात, मग पहिलं बोंड वेचतात. वच्छला पूजेत नसायची, पण दहीभाताचा वाटा पदरात बांधून आणायची. म्हणायची, देव त्यायचा, दही तं गाईचंच. औंदा शेजारच्या वावरवाल्या बाईनं तो वाटा सवयीनं माझ्या दारात आणून दिला आणि मग ती दारातच रडायला लागली.

त्याच आठवड्यात कळलं की मॅडम तोच सिनेमा अमरावतीला दाखवणार आहे. मी अंजनगावच्या रस्त्यानं जाणाऱ्या एसटीत बसलो. दोन्ही बाजूंना वावरं पांढरी. मेळघाटातून वेचणीला उतरलेले कोरकू मजूर पातीपातीत वाकलेले. खिडकीतून वारा गार येत होता आणि मला सारखं वाटत होतं की बाजूच्या सीटवर ती बसली आहे आणि मला म्हणते आहे, कायले जाता तिकडं.

मॅडमनं ओळखलं. "बाबा, इतक्या लांब? काकू नाही आल्या?" मी सांगितलं. ती माझा हात धरून उभी राहिली. मी तिला म्हणालो, पोरी, ती बुढी बोलते ते मले पाहायचं हाय. ती म्हणाली, तेवढंच दाखवते ना कॉम्प्युटरवर, पूर्ण कशाला बसता? मी म्हणालो, नको. तिनं सुरुवातीपासून पाहिलं, मी बी पाहीन.

हॉलमध्ये सगळी कॉलेजची पोरं. लिलाव आला. तेच लेकरू, तोच ओटा. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले. तोंडात तंबाखू नसतानाही थुंकायला बाहेर जावं वाटलं. बसून राहिलो.

मग एका पायरीवर बसलेल्या म्हातारीचा फोटो आला आणि तबकडीवरचा तो खरखरीत आवाज. ही बाई गुलामीत जन्मली आणि सुटून पुष्कळ जगली, म्हातारपणी कोणीतरी तिचं बोलणं धरून ठेवलं. मॅडमनं सिनेमा थांबवला आणि सांगितलं. म्हातारी म्हणते, मी रांगत होते, चालायला लागले होते. माय कापूस वेचायची. पात सोडून पोरीमागं धावली तर पाठीवर चाबूक. वावराच्या कडेला नदी होती. म्हणून माय माझ्या पायाला दोर बांधायची आणि दुसरं टोक झाडाला. सकाळी बांधायची, संध्याकाळी सोडायची. ज्या हातानं बांधायची त्याच हातानं रात्री चरबी लावून घोटा चोळायची आणि रडायची. मले मालकाचा चेहरा याद नाही, म्हणे म्हातारी. मायची गाठ याद हाय.

पडद्यावर तिचे पाय मोठे करून दाखवले. उघडे, भेगाळलेले. डावा का उजवा ते मी पाहिलं नाही. घोट्याला फेर घालून एक वळ होता.

वीज पडते तेव्हा आवाज उशिरा येतो. मी त्या पायांकडं पाहत होतो आणि काही ऐकू येत नव्हतं. डोक्यात एकच चालू होतं, की हे पाय मी दाबले आहेत. तापात, बाळंतपणात, वेचणीच्या दिवसांत. हाच वळ माझ्या अंगठ्याखालून गेलेला आहे.

पुढचा सिनेमा मी पाहिला आणि पाहिला नाही. पाण्याचे दोन नळ, गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा, वर पाट्या. गोऱ्यांच्या खाणावळीत बसलेल्या काळ्या पोरापोरींच्या डोक्यावर कोणी काहीबाही ओततं आहे आणि ती हलत नाहीत. हक्क मागत चालत निघालेल्या माणसांवर कुत्री सोडलेली, पाण्याचे फवारे मारलेले. ज्या देशाच्या नावानं आमची पोरं तोंडात बोट घालतात, तो देश हा. मला तेव्हाही वच्छला आठवली. दोन नळांचा फोटो मॅडमनं मागच्या साली आधीच भिंतीवर लावून ठेवला होता. तो पाहून ती म्हणाली होती, "आपल्याले तं पाटी बी नाही लागे. साऱ्या गावाले माहीत राहे."

सिनेमा संपल्यावर एक पोरगा उठून बोलला की तिथलं वेगळं, इथलं वेगळं, एकात एक मिसळू नये. मॅडम म्हणाली, खरं आहे, वेगळंच आहे. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, बाबा, काही बोलता? मी उभा राहिलो. माईक तोंडाशी आला. पुण्यानुमोदनाला धरला होता तसाच. मला वेगळं-सारखं काही ठरवता येत नव्हतं. मी माईक परत दिला आणि बसलो.

घरी गेलो नाही. रात्र एसटी स्टँडावर काढली आणि सकाळी गाडी धरून बार्शीटाकळीला गेलो. सखूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी बसलो आणि म्हणालो, सखूबाई, वच्छलाच्या पायाले काय झालं होतं?

तिनं शेंगा सोलायचं थांबवलं नाही. "आता काहून इचारता भाऊजी? गेली ते."

"वाळे घासले म्हणे ती."

सखूबाई हसली. असं हसणं वैऱ्याच्यासुद्धा कानी पडू नये. "वाळे! आमच्या घरी ताटलीले ताटली नव्हती." मग तिनं आपला पाय पुढं केला, लुगडं घोट्यावर घेतलं. तोच वळ.

तिनं थांबत थांबत सांगितलं. मालकाच्या वावरात विहीर होती, बिनकठड्याची. त्यांचा मधला भाऊ तिच्यात गेला. दुसऱ्या दिवशी माय वेचणीला, कारण सीझन थांबत नाही आणि मुकादम पात सोडू देत नाही. तेव्हापासून तिनं दोघी पोरींना धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, बाभळीला बांधलं, एकेका पायानं. वच्छला ओढ घ्यायची, मायमागं जायला. सखू बसून राहायची. म्हणून वच्छलाचा वळ खोल.

"मले काहून नाही सांगतलं तिनं?"

"कायले सांगीन? लोकं मायले नावं ठेवतीन ना. म्हणतीन, कशी माय, लेकरं ढोरावाणी बांधे. मायनं बांधलं म्हणून तं जगलो आमी." शेंगा सोलणारी बोटं आता थांबली. "वच्छला म्हणे, मी मरीन तं कोणी माहे पाय बांधू नका. मायनं बांधले तेवढे बस."

तर असं. मी ज्याला धम्म म्हणून मिरवलं तो एका लेकराचा घोटा होता. आणि सासू म्हणून जिच्या मी आयुष्यात दोनदा पाया पडलो, तिनं विहिरीच्या आणि मुकादमाच्या मधात आपल्या पोरींसाठी सुतळीची एक जागा केली होती. तिकडच्या मायनं नदीच्या आणि चाबकाच्या मधात केली, तशीच. ह्या दोघींची भेट कधी झाली नाही. एकमेकींच्या देशाचं नावही त्यांना माहीत नसेल. पण गाठ एकच मारली. मी आता हे लिहून राहिलो, तं माझ्या सासूला नावं ठेवू नका. ठेवायचीच असतील तर त्या विहिरीला कठडा न बांधणाऱ्याला ठेवा.

एवढ्यावर हे संपलं असतं. पण अकोटला परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं वावरांच्या बाजूला फिरायला गेलो. वेचणी भरात. वच्छला जिथं जायची त्याच वावरात परतवाड्याकडून आलेली मजुरांची टोळी लागली होती. धुऱ्यावर बाभळ. बाभळीखाली एक पोट्टी, जेमतेम चालणारी, शेंबूड वाळलेला. कमरेला साडीची किनार बांधलेली आणि दुसरं टोक बुंध्याला. ती मायच्या दिशेनं जायची, किनार ताणली की बदकन् बसायची, पुन्हा उठायची. रडत नव्हती. तिला ते ठाऊक झालं होतं.

माझे पाय जागच्या जागी राहिले. मला वाटलं होतं, ही तबकडीवरची गोष्ट आहे. मागची. मेलेल्यांची.

मी खाली बसलो आणि गाठ सोडायला लागलो. माझी बोटं जाड, जिनात चेंगरलेली, गाठ सुटेना. पातीतून तिची माय धावत आली, ओटी पोटाशी धरून. चेहरा भ्यालेला. तिला वाटलं म्हातारा रागावणार.

"इहीर है बाबा उधर," ती म्हणाली. "छोडो मत."

मी म्हणालो, मले माहीत हाय. तू जाय, मी हावो इथं.

ती उभीच राहिली. मग मुकादमानं हाक मारली तशी परत पातीत गेली, मागं वळून पाहत. गाठ शेवटी मी दातानं तोडली. पोट्टी थोडा वेळ तिथंच बसून राहिली, किनार ताणली जाईल तिथवर. मग एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. कोणी ओढलं नाही म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं आणि निघालीच. पऱ्हाटीतून, बांधावरून, ढेकळांतून, जिकडं वाटेल तिकडं.

माझे गुडघे आता चालत नाहीत. तरी उन्ह उतरेपर्यंत मी तिच्या बाजूनं चालत होतो, विहिरीकडच्या अंगानं.